ऐकणाऱ्याचा पोशाख

गाणाऱ्याने काय ऐकवावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ऐकणाऱ्याने काय नेसावे याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. समीक्षकांना तो विषय क्षुल्लक वाटत असावा, आणि ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्या आमच्या घरच्या मंडळींना समीक्षा लिहायला सवड नसते. दिवाळीच्या फराळात एखादे कडबोळे वाकडे निघाले तरी कोणी रागावत नाही. त्या भरवशावर हे धाडस करतो.

विषय क्षुल्लक नाही, याला माझ्याकडे मोठा आधार आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली, तेव्हा काव्यातले औचित्य समजावण्यासाठी त्याला दाखला सुचला तो अंगावरच्या अलंकारांचा. मेखला गळ्यात घातली, हार कमरेला बांधला, नूपुरे हातात आणि बाजूबंद पायात चढवले, तर लोक हसणार नाहीत तर काय करतील, असे तो विचारतो. दागिना खोटा नसतो, त्याची जागा चुकलेली असते. मी त्यात एवढीच भर घालीन की, उघड्यावरच्या गाण्यात जागेच्या जोडीला वेळही चुकू शकते; कारण तिथे छत नसते, आणि आभाळ कोणाच्या आवडीनिवडी विचारीत नाही.

आमच्याच गावचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे नाशिकच्या नेहरू चौकात पिंपळपारावर गाणे असते. आम्ही नाशिकरोडकर काळोखात उठून, उटणे लावून, न्हाऊन तिकडे धावतो. बायकांच्या अंगावर पैठण्या, पुरुषांच्या अंगावर रेशमी झब्बे. अंधार आहे आणि हवेत गारवा आहे तोवर सगळे सुरेख चालते. ऊन वाड्यांच्या कौलांवरून खाली उतरले की रेशीम आपला गुण दाखवू लागते. पदराने वारा घेणे सुरू होते, आणि भैरवीच्या आत श्रोत्यांचे निम्मे लक्ष स्वतःच्या मानेवरून ओघळणाऱ्या घामाकडे लागलेले असते. पण तिथे रेशीम चुकले असे मी म्हणणार नाही. ती मंडळी आधी सणाला आलेली असतात आणि मग गाण्याला. सणासाठी थोडे घामाघूम होणे हेही औचित्यच आहे.

याच्या उलट पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. तो १९५३ साली सुरू झाला आणि भरतो डिसेंबरात. रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र बसायचे दिवस होते तेव्हाची शाल, मफलर, कानटोपी, खाली सतरंजी आणि शेजारी थर्मास हा सारा सरंजाम कोणा शिंप्याने किंवा मासिकाने ठरवलेला नव्हता. तो थंडीने ठरवला होता. कानटोपी घातलेला मनुष्य एरवी काहीसा विनोदीच दिसतो. पहाटे तीन वाजता डोळे मिटून बसलेला तोच मनुष्य मला कधी विनोदी वाटला नाही. थंडीतल्या गाण्याला असा अंगवळणी पडलेला पोशाख आपल्यापाशी आहे. भर उन्हात उघड्यावर बसून ऐकायच्या गाण्याला मात्र तो अजून सापडलेला नाही. म्हणून आपण तो उसना आणतो, आणि माझी तक्रार त्या उसनवारीच्या रीतीबद्दल आहे.

गंगापूर धरणाजवळच्या सुलाच्या द्राक्षमळ्यात २००८ साली संगीताचा एक मोठा मेळा सुरू झाला. त्याचे नाव सुला फेस्ट. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत, पहिल्याच शनिवार-रविवारी, तो पुन्हा भरला. (तिथे द्राक्षांचे पुढे काय होते हा विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.) त्या शनिवारी भाचीला उतरवून घ्यायला मी नाशिकरोड स्टेशनावर गेलो होतो. तपोवन एक्स्प्रेस आली आणि फलाटावर एकदम वेगळीच सृष्टी उतरली. रुंद काठांच्या फेल्ट टोप्या, झालरी लावलेली कातडी वाटावीत अशी जाकिटे, गुडघ्यापर्यंतचे बूट, गालांवर चमकी. सिन्नरची एस.टी. धरायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या हातातली बोचकी खाली ठेवून शांतपणे पाहत उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. लग्नाचे बँडवाले असावेत, अशी त्यांची समजूत झाली असावी.

माझी भाची डोंबिवलीची. तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या. चहा घेताना मी बूट आणि फेब्रुवारीतली दुपार यांचा संबंध विचारला.

“मामा, फेस्टिव्हलला असंच घालतात.”

“कुठे घालतात?”

“सगळीकडे.”

हे ‘सगळीकडे’ म्हणजे कुठे, ते मला ठाऊक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात इंडिओ नावाचे गाव आहे. १९९९ सालापासून तिथे कोचेला नावाचा मेळा भरतो, आताशा एप्रिलमध्ये. ही झालरी आणि टोप्यांची तऱ्हा तिथून जगभर गेली. पण मौज अशी की, कोचेलालाही ती स्वतःची नव्हती. १९६७ च्या जूनमध्ये माँटेरीला पंडित रविशंकर एका दुपारी सतार वाजवायला बसले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला ते पावसात वाजवीत होते. त्या सुमारास तिकडच्या तरुणांनी आपला मलमलीचा झब्बा, ठशांचे छापील कापड, मण्यांच्या माळा हे सगळे अंगावर चढवले. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपल्या घरातून गेलेली वस्तू जगप्रदक्षिणा करून, बूट घालून, नाशिकरोडच्या फलाटावर परत उतरली. भाचीच्या झब्ब्यावर कच्छी धाटणीचे आरसे होते. कापड होते पॉलिएस्टरचे. आरसे परत आले, सूत वाटेत हरवले.

आणि वरची ती पिसांची शिरोभूषणे! अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत ती मानाने मिळवायची वस्तू आहे. २०१५ साली माँट्रियलच्या ओशिआगा महोत्सवाने प्रेक्षकांना ती घालून यायला बंदी केली. क्षेमेंद्राला तिथे सभासद करून घ्यायला हरकत नव्हती.

आता इथे माझ्या हातून जे घडले ते सांगितले पाहिजे. दुसऱ्यांच्या पोशाखाची परीक्षा करायची आणि आपली चूक झाकायची, हे बरे नव्हे. भाचीची एक मैत्रीण साधा सुती कुडता-सलवार घालून कोपऱ्यात बसली होती. ती खेड्यातून शिकायला आलेली, अबोल मुलगी. मी माझ्या सिद्धान्ताच्या भरात तिच्याकडे बोट केले आणि म्हणालो, “हिला पाहा. तुमच्यात ही एकटी शहाणी. उन्हातलं गाणं ऐकायला हाच वेश.” सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिले. कोणी वाईट बोलले नाही. निघायची वेळ झाली तेव्हा ती भाचीला हळूच म्हणाली, “तुम्ही जा. माझ्याकडे घालायला काही नाही.”

हे वाक्य मी याच गावात, साठ वर्षांपूर्वी, पुष्कळदा ऐकले आहे. वडील प्रेसमध्ये होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहत असू. चैत्रात पंचवटीत काळारामाच्या देवळात वासंतिक नवरात्र बसे. रात्री कीर्तन असे, गाणे असे. शेजारच्या बायका बोलवायला येत. आईला गाण्याचा विलक्षण कान होता. रेडिओवर दत्तात्रेय विष्णु पलुसकरांचे भजन लागले की तिच्या हातातली लाटी तशीच राही. (ते आमच्या नाशिकात जन्मलेले, आणि १९५५ साली ऐन चौतिशीत गेलेले, त्यांच्याबद्दल ती घरच्या माणसासारखी बोले.) तिच्यापाशी बाहेर नेसण्याजोगे एकच पातळ होते, आणि ते आदल्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलेले असे. “तुम्ही व्हा पुढे, मला नेसायला नाही,” असे ती हसून सांगे आणि दार लोटून घेई. देवळाच्या आवारात तिच्या पातळाकडे कोण पाहणार होते? पण हे मी आज विचारतो. तिला ते पाहणारे डोळे दारातच दिसत होते. त्या शनिवारी ते डोळे माझे होते, आणि कौतुकाने पाहत होते म्हणून ते कमी बोचले असे नव्हे.

मी पुष्कळ समजावले. मुलगी बधली नाही. तिचे तिकीट वाया जाऊ नये म्हणून भाचीने मला ओढून नेले. झब्बा, पायजमा, खांद्यावर पंचा, डोक्यावर पांढरी टोपी अशा थाटात मी त्या उतारावर जाऊन बसलो. दरवाज्यावरच्या मुलाने माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधताना “काका, मस्त गेटअप!” असा शेरा मारला. तो रोजचाच पोशाख आहे हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

दुपारी उष्मा तिशीच्या घरात होता. बूटवाल्यांचे हाल तासाभरात सुरू झाले. उंच टाचा हिरवळीत रुतत होत्या. घट्ट तुमानी घातलेल्यांना मांडी घालता येईना, म्हणून ते उभे. आणि ते उभे म्हणून त्यांच्यामागचे दोनशे उभे. रुंद टोपीने एकाला सावली मिळत होती आणि चौघांचे व्यासपीठ झाकले जात होते. उघड्या खांद्यांवर नाके मुरडणारे काही प्रौढ माझ्या आसपास होते. त्यांच्याशी माझे जमले नाही. खांदे उघडे ठेवण्यात पाप नाही. फक्त ते संध्याकाळपर्यंत भाजून लाल होतात. सैल असणे हे खरे मर्म. सिनाईतले बदाऊन कडक उन्हात काळे झगे का घालतात याचा शास्त्रज्ञांनी शोध घेतला. झगा सैल असला की काळ्यातून आणि पांढऱ्यातून कातडीपर्यंत पोचणारी उष्णता सारखीच भरते, असे १९८० साली प्रसिद्ध झाले आहे.

येता-जाता रस्त्याकडेच्या द्राक्षबागांतून काम करणाऱ्या बाया दिसत होत्या. लुगडे किंवा साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला, पायात साधी चप्पल. हात झाकलेले, मान झाकलेली, हवा खेळायला जागा, वाकायला-बसायला मोकळीक. उन्हातल्या पोशाखाचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कोणी सोडवला असेल तर तो यांनी. मेळ्यातल्या एकानेही त्याची नक्कल केलेली मला दिसली नाही. ती झालीच तर कोचेलामार्गे होईल.

आणि मग सूर्य मावळला. फेब्रुवारीतले नाशिक म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. याच दिवसांत कडाका वाढला तर निफाडकडे बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे मुंबईहून येणाऱ्याला कोण सांगणार? आठ वाजेपर्यंत ती सारी चमकी कुडकुडू लागली. रंगमंचावर काय चालले होते ते मला धड आठवत नाही, कारण माझ्या पंच्याखाली भाची आणि तिची दुसरी मैत्रीण अशा दोघी शिरल्या होत्या आणि तिघांचे लक्ष त्या पंच्याच्या टोकांकडे होते. ऐकणाऱ्याच्या पोशाखाची हीच एक परीक्षा मी मानतो: तो अंगावर आहे हे ऐकताना विसरता आले पाहिजे. त्या रात्री ते आम्हा तिघांनाही साधले नाही.

रविवारी मी बिटको चौकातून भाजी घेऊन परतलो तेव्हा घरात सौ. एकटीच होती. “तिघीही गेल्या,” ती म्हणाली. मी सोडून सगळ्यांना जे कळले होते ते तिने केले असावे. काय, ते मी विचारले नाही. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. ती अबोल मुलगी आत न येता पायरीवरच बसून सलवारीच्या कडेला चिकटलेली कुसळे काढीत सौ.ला एक चाल गुणगुणून दाखवीत होती. मधला एक स्वर चुकत होता. सौ.ने तो दोनदा सुधारून सांगितला, तरी चुकलाच. तिच्या अंगावर आमची मरून शाल होती. ती अजून परत आलेली नाही.