शकुंतलेचे साक्षीदार

कालिदासाच्या ‘शाकुंतला’त सर्वांत सरस अंक चौथा, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याविरुद्ध बोलणारा अरसिक ठरावा. मीही ते वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. कण्व मुलीला सासरी धाडतो, वेली पिकली पाने गाळतात, तिने वाढवलेले हरिणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते. मागच्या बाकावरच्या दांडगट मुलांचेही डोळे पाणावतात. मास्तराला आणखी काय हवे? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, तेही पहिल्या चार अंकांपुरतेच. पुढचे अंक मागाहून आले. मुलगी वाटेला लागली की डोळे पुसावेत आणि घरी जावे, ही आपली जुनीच रीत.

यंदा माझे मत पालटले. ते कसे, हे सांगायचे तर शिरोलीच्या एमआयडीसीतून थेट अमेरिकेपर्यंत जावे लागेल. वाट लांबची आहे; वाचकांनी फराळाचे ताट हाताशी असू द्यावे.

प्रथम एक कबुली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत शाळेत शिकलो तेवढेच. मूळ नाटक मी मराठी भाषांतर शेजारी ठेवूनच वाचतो. तेव्हा पंडितांनी माझे म्हणणे मास्तराचे म्हणून ऐकावे आणि पटले नाही तर सोडून द्यावे.

जूनमधली गोष्ट. इथल्या एका फौंड्रीत मोल्डर असलेले गृहस्थ पाळी सुटल्यावर माझ्या घरी आले. वाळूचे साचे करता करता त्यांच्या नखांत बसलेले काळे कधी निघत नाही. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. तीन वर्षांपूर्वी तिचे लग्न मोठ्या हौसेने झाले होते. मुलगा आपल्याच बाजूच्या आईबापांचा, पण तिकडेच जन्मलेला, अमेरिकेचा नागरिक.

“सर, पोरीनं तुमास्नी एक कागद मागितलाय,” ते म्हणाले. “लगीन खरं हुतं म्हणून लिवून द्या.”

मला उमगेना. पाचसातशे पानांचे लग्न, त्याला पुरावा कसला? मग मुलीशी फोनवर बोलणे झाले. तिकडचा कायदा असा. नागरिकाच्या जोडीदाराला कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. पण मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर तो सशर्त, दोन वर्षांपुरता असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोने जोडीने अर्ज करायचा, की आमचे लग्न खरे आहे, अट काढा. सोबत पुरावे जोडायचे: दोघांच्या नावाचे बँकखाते, भाडेकरार, मुले असल्यास त्यांचे दाखले, माहीतगार माणसांची प्रतिज्ञापत्रे. अर्ज केलाच नाही तर परवाना संपला. हा नियम १९८६ सालचा. कागदापुरती लग्ने लावून देशात शिरणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू. हेतूला नावे ठेवता येत नाहीत. तशी लग्ने होतातच. पण जोडीने अर्ज म्हणजे एकीच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. या मुलीचे दीड वर्षात बिनसले, घटस्फोट झाला. अशा वेळी तिला एकटीने अर्ज करता येतो. छळ झाला असेल तर त्या कारणावरून एकटीने अर्ज करण्याची वाट १९९० साली झाली. मात्र लग्न मनापासून केले होते, हे सिद्ध करण्याचा भार तिच्याच शिरावर.

त्या रात्री मी ‘शाकुंतला’चा पाचवा अंक काढला. अनेक वर्षांत तो नीट वाचलाच नव्हता. शकुंतला दरबारात उभी आहे. राजा ओळख देत नाही. अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. आणि राजा पुरोहिताला विचारतो, पत्नीचा त्याग करण्याचे पाप घेऊ की परस्त्रीच्या स्पर्शाचे? पुरोहित तोडगा काढतो: प्रसूतीपर्यंत हिने माझ्या घरी राहावे. मुलाच्या अंगी चक्रवर्तीची लक्षणे दिसली, तर हिचे अभिनंदन करून अंतःपुरात घ्यावे. न दिसली, तर बापाकडे परत पाठवावे. मी पुस्तक खाली ठेवले. सशर्त वास्तव्य याहून निराळे काय असते? मुदत ठरलेली, अट ठरलेली, परतीची वाटही ठरलेली. पुरोहित दुष्ट नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे. तो सज्जन आहे; पेच सुटावा, कोणावर अन्याय होऊ नये, एवढेच त्याला हवे आहे. आणि त्याच्या या सज्जन सूचनेवर शकुंतला काय म्हणते? धरणीमाते, मला पोटात घे.

तिच्या माहेरचे लोक त्याहून कठोर. शार्ङ्गरव सांगतो: राजा म्हणतो तशी तू असशील तर तुझ्या पित्याला तू नकोस, स्वतःला शुद्ध समजत असशील तर पतीच्या घरी दासी होऊनही राहा. हा सल्ला आजही मेलेला नाही. फोनवरून दिला जातो, इतकेच. कॅनडाने दोन वर्षांची अशीच अट २०१२ साली घातली आणि २०१७ साली काढून टाकली. अट मोडेल या धास्तीने छळ सोसत राहणाऱ्या जोडीदारांचा विचार त्यामागे होता.

महाभारतातली शकुंतला निराळी. तिथे शाप नाही, अंगठी नाही. राजाला सारे आठवते, तरी तो नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर सांगतो, केवळ हिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. कालिदासाने शाप आणून नायकाची अब्रू राखली, ही टीका जुनीच आहे. पण माझ्या मते कालिदासाने त्याहून मोठी गोष्ट केली. त्याने साक्षीदार घरी ठेवले.

अनसूया आणि प्रियंवदा! गांधर्वविवाह त्यांना ठाऊक, दुर्वासाचा शाप ठाऊक, उःशाप तर प्रियंवदेनेच मिळवलेला. निघताना त्या अंगठी दाखवायला सांगतात, पण का ते सांगत नाहीत. आणि ज्यांना जायला हवे त्या दोघी जातच नाहीत. कण्व म्हणतो, यांचीही लग्ने व्हायची आहेत, तिथे जाणे बरे नव्हे. मग दरबारात कोण जाते? गौतमी आणि दोन शिष्य. ज्यांनी काहीच पाहिलेले नाही असे. कोणी म्हणेल, शाप अंगठीनेच सुटणार होता, मैत्रिणींच्या साक्षीने राजाला काय आठवले असते? कबूल. राजाला आठवले नसते. पण शार्ङ्गरवाला कळले असते, पुरोहिताला कळले असते, आणि शकुंतला दरबारात एकटी पडली नसती. चौथ्या अंकानंतर या दोघी दिसतात त्या राजाने काढलेल्या चित्रात. चौथा अंक बापाचा, पाचवा मुलीचा. आपण बापाच्या अंकावर इतके रडलो की मुलीच्या अंकाला आपल्यापाशी अश्रू उरले नाहीत.

यात मीही आलो. माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका शेवटच्या पानावर मुंबईच्या विमानतळावर काचेपलीकडून हात हलवते. ते पान वाचकांना आवडले होते. आज मला ते भित्रे वाटते. आमच्या जवळच वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे. त्यांतल्या एका मुलीने कोल्हापूरच्या मुलाशी लग्न केले आणि ती इथलीच झाली. ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली. प्रत्येक वेळी ती लग्नापाशी संपली. आणि अमेरिकेला हसण्याचेही कारण नाही. आपल्या नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवे, तर नोंदवलेले लग्न दोन वर्षे टिकलेले लागते. न्यायालयातून लग्न मोडले तर कार्ड रद्द होऊ शकते. पुरोहित सगळीकडेच आहेत.

असो. मी प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो आणि चार पाने लिहिली. सनई होती, अक्षता होत्या, वळवाचा पाऊसही होता. मुलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “सर, विशेषणं काढा. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत, तेवढंच लिहा.” हेच वाक्य तिच्या निबंधाच्या वहीत मी कधीतरी लाल शाईने लिहिलेले असणार!

विशेषणे काढल्यावर अर्धे पान उरले. नाव घेताना नवरदेव मराठीत अडखळला आणि तिने कानात शब्द सांगितला, ते मी पाहिले. लग्नानंतर चौथ्या दिवशी तो शाळेत आला, तिचा बाक कोणता ते विचारून त्यावर बसला, तेही पाहिले. तिच्या वडिलांना हे खपेना. “ज्यानं पोरीला टाकलं, त्येचं चांगलं लिवायचं?” मी गप्प राहिलो. तिला तिथे राहता यावे म्हणून त्याचेच प्रेम खरे होते असे आम्ही शपथेवर सांगायचे, या गोष्टीला माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “लिवा. हुतं ते हुतं.”

दुसरी साक्षीदार तिची मैत्रीण. तिचे स्थळ पाहणे चालू आहे. घटस्फोटाच्या कागदावर मुलीचे नाव नको, बोलणी फिसकटतील, असे तिची आई म्हणाली. मी कण्वाचे ते वाक्य त्यांना सांगितले. त्यांना ते अगदी रास्त वाटले. मी काय बोलणार?

ठरल्या दिवशी आम्ही दोघेच कोल्हापुरात नोटरीकडे बसलो होतो. माझी सही झाली. एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. ती मैत्रीण स्कूटरवरून एकटीच आली होती, तोंडाला बांधलेली ओढणीही सोडली नव्हती. तिने खुर्ची ओढली, आपला कागद दोनदा वाचला, सही केली आणि विचारले, “सर, आणखी एक प्रत करून ठेवायची का?”