विलायतेचा पाऊस आणि आमची प्रवासवर्णने

युरोपची प्रवासवर्णने मराठीत थोडी नाहीत. राजवाडे, चित्रशाळा, पूल व पुतळे यांची हजेरी त्यांत यथासांग घेतलेली असते. परंतु एखादा दिवस संततधारेत गेला, तर त्याची वासलात बहुधा एका वाक्यात लागते: पावसामुळे काही पाहता आले नाही. माझे म्हणणे असे की, प्रवासलेखकाची खरी परीक्षा या वाक्यापाशीच होते, आणि आमचे बहुतेक लेखक तेथे अनुत्तीर्ण होतात.

या उणिवेचे मूळ काही अंशी आमच्या संस्कारांत आहे. आपल्याकडे पाऊस म्हणजे प्रवासास विराम. चातुर्मासात संन्याशानेही एके ठिकाणी राहावे, असा दंडक. मेघदूतातही यक्ष रामगिरीवरच राहतो. प्रवास घडतो तो मेघास. वास्तविक लंडनमध्ये वर्षाकाठी सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तो २००० मिलिमीटरांहून अधिक, आणि आमच्या हिंगोली जिल्ह्याची सरासरीही लंडनहून मोठी आहे. तेव्हा भेद प्रमाणाचा नव्हे, रीतीचा आहे. आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मनुष्यास घरी बसवितो. तिकडचा बाराही महिने थोडाथोडा पडतो, म्हणून त्याच्याकरिता कोणी खोळंबून राहत नाही. अर्थात भिजलेले शहर हेच तेथील नित्याचे शहर होय. तेच ज्याने वगळले, त्याने पाहिले तरी काय?

अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या नावातच हवामान आले आहे. परंतु तेथे धुके हे मागे टाकावयाचे आणि तारा हा गाठावयाचा आहे. विचारांच्या प्रवासास ते साजेसेच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) पाहुण्याच्या फजितीस व भुकेस मानाचे पान दिले, हा त्यांचा या वाङ्मयप्रकारावर मोठा उपकार. मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन'ची जात निराळी. ते पाहुण्याचे नव्हे, तेथे घर केलेल्या व्यक्तीचे पुस्तक आहे. मागून येणाऱ्या पुष्कळांनी मात्र पुलंचा विनोद तेवढा उचलला. विनोदापूर्वी लागते ती नजर उचलली नाही.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी स्वतःची झडती घेणे बरे. काही वर्षांपूर्वी मी ॲम्स्टरडॅमला चार दिवस होतो. चारही दिवस पाऊस होता. त्या प्रवासाची वही यंदा श्रावणात कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा येथे, आप्तांच्या ओसरीवर मी वाचून दाखविली. समोर केळीच्या पानांवर सर वाजत होती. केळीची बागाईत करणारा माझा पुतण्या शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, इमारतींचे सन कळले. पर एवढ्या पावसात तिथली माणसं थांबतात कुठं, अन् खातात काय?"

मी वही चाळली. वास्तूंचे सन होते, राजांची नावे होती. या प्रश्नाचे उत्तर नव्हते. केवळ एका पानावर, मजकुराशिवाय, पेन्सिलीने काढलेले एक ओबडधोबड चित्र होते. ते पाहताच सारे आठवले. पावसाच्या जोराने मी कालव्याकाठच्या एका लहानशा उपाहारगृहात शिरलो होतो. वाटाण्याचे दाट सूप तेथे सर्वजण खात होते. परंतु त्यात मांस असते असे कळल्यामुळे मी सफरचंदाची गोड पाय व कॉफी घेतली. ओल्या कोटांचा वास कोंडला होता. वेळ जावा म्हणून मी समोरची घरे काढू लागलो, तेव्हा प्रत्येक घराच्या माथ्याशी एक तुळई पुढे आलेली व तिला आकडा लावलेला दिसला. घरे अरुंद, जिने उभे. म्हणून सामानसुमान दोराने बाहेरूनच वर ओढून खिडकीतून आत घ्यावयाचे. दोन दिवस मी त्याच रस्त्याने हिंडलो होतो. आकडा दिसला तो रेघ काढताना. ज्यास चित्र काढावयाचे, त्यास थांबावे लागते, आणि थांबलेल्यास शहर दिसते. चित्र चांगले साधले नाही तरी हा लाभ बुडत नाही.

त्याच शहरातील व्हॅन गॉगच्या संग्रहालयात त्याचे पावसातील पुलाचे एक चित्र आहे. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या १८५७च्या ठशाची ती नक्कल त्याने १८८७त पॅरिसमध्ये केली. केबॉतच्या १८७७च्या पॅरिसच्या प्रसिद्ध चित्रात छत्र्या आहेत, ओले फरसबंद आहेत, पण पावसाची एकही रेघ नाही. हिरोशिगेच्या ठशात मात्र पाऊस काळ्या रेघांनी सरळ अंगावर येतो. व्हॅन गॉगने त्या रेघा आपल्याशा केल्या. परंतु चित्राच्या चौकटीवर त्याने दुसऱ्या ठशांतील जपानी अक्षरे शोभेसाठी उतरविली आहेत. त्यांचा चित्राशी संबंध नाही. माझ्या वहीतील सन व नावे मला तशीच वाटू लागली. चौकट भरलेली, आतला पाऊस कोठे आहे?

माहिती नको, असे माझे म्हणणे नाही. परंतु ती आता कोणासही घरबसल्या मिळते. ज्यास विलायतेस जाणे घडणार नाही, असा वाचक लेखकाकडे दुसरेच मागतो: परक्या गावी, पावसात, पोटात भूक असता मनुष्य कसा वागला, आणि त्यास कोणी कसे वागविले. हे सांगण्यात विद्वत्तेचा दिमाख मिरविता येत नाही, म्हणूनच ते टाळले जाते.

या मासिकाच्या संपादकांनी माझे ॲम्स्टरडॅमचे प्रवासवर्णन मागितले होते. वही तशीच छापावयास देण्याचे धैर्य आता मला होत नाही. म्हणून त्याऐवजी हा लेख पाठवीत आहे.