हातचे काम आणि मराठी लेखणी

कोणत्याही भाषेच्या वाङ्मयाची परीक्षा करावयाची, तर त्यात काय आहे एवढे पाहून भागत नाही. काय नाही, तेही पाहावे लागते. मराठी वाङ्मयात घर विपुल आहे. ते गहाण पडते, वाटणीत दुभंगते, परगावी गेलेल्या मुलाला रात्री आठवते. परंतु त्याच घराची गळती कोणी व कशी काढली, ओटा कोणी लिंपला, परसातल्या वेलाला मांडव कोणी घातला, असे विचारू लागले की आपली लेखणी एकाएकी मुकी होते. गळके छप्पर आपल्याकडे दारिद्र्याचे चिन्ह म्हणून येते; दुरुस्त करण्याजोगी वस्तू म्हणून ते क्वचितच येते. श्रमाची थोरवी गाणारे निबंध आपण ढिगांनी लिहिले. पण श्रमाची स्तुती करणे वेगळे आणि श्रम ओळखणे वेगळे. या दोहोंतील अंतर दाखविणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लेखकाला हातचे काम कळले आहे की नाही, हे ओळखण्याच्या तीन खुणा सांगता येतील. पहिली द्रव्याची ओळख: ही माती त्या मातीहून निराळी का, हे त्याला ठाऊक असते. दुसरी क्रमाची जाण: आधी काय, मग काय, आणि मध्ये थांबावयाचे किती. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. वस्तू माणसाच्या इच्छेला विरोध करते, आणि हा विरोध ज्याच्या लिखाणात उतरत नाही त्याने ते काम फार तर दुरून पाहिले असले पाहिजे.

आमच्या खानदेशातील धाब्याचे घर उदाहरणादाखल घ्यावे. लाकडी तुळयांवर आडव्या काटक्या व पाला पसरून त्यावर मातीचा जाड थर द्यावयाचा, आणि सर्वांत वर खारी पांढरी माती घालावयाची, अशी त्या छपराची घडण. प्रवाशाला ते मातीचे ढेकूळ वाटेल. पण त्या वरच्या थरात केवढे ज्ञान साठविलेले आहे! खाऱ्या मातीचे कण पाणी लागताच विखरतात आणि बारीक छिद्रे बुजवितात. म्हणून जी माती शेताला नकोशी, तीच छपराला हवीशी. पावसाळ्यापूर्वी तिचा नवा थर द्यावा लागतो, पाणी पन्हाळाकडे वळेल असा उतार राखावा लागतो, आणि उगवलेले गवत वेळीच उपटावे लागते. कारण मुळे ज्या वाटेने जातात त्याच वाटेने मागाहून पाणी येते. हे सारे जाणणारी माणसे अजून खेड्यापाड्यांत आहेत, पण सिमेंटच्या स्लॅबबरोबर त्यांची संख्या घटत चालली आहे. स्लॅब घालणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. दर वर्षी माती वाहण्याचे कष्ट कोणाला हवेत? दोष असेल तर तो आपल्या लेखणीचा आहे. ज्या छपराखाली खानदेशच्या कित्येक पिढ्या वैशाखाच्या उन्हात जगल्या, त्याचे साद्यंत वर्णन आपल्या ललित वाङ्मयात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

याच प्रांतात या उणिवेचा मोठा अपवादही जन्मला, हा योगायोग नव्हे. आसोद्यास 1880 साली जन्मलेल्या आणि जळगावास नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील तत्त्वज्ञानाची आपण फार वाखाणणी केली. त्यांतील कारागिरीच्या ज्ञानाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी ही त्यांच्या कवितांची नावेच पाहावीत. ती कामांची नावे आहेत, आणि एकापुढे एक ठेवली तर कामाचा क्रमही तोच आहे. चूल पेटत नाही या विषयावरील त्यांची कविता तर वस्तूच्या विरोधाचा उत्तम नमुना होय. धूर डोळ्यांत जातो, फुंकून जीव मेटाकुटीस येतो, आणि शेवटी त्या विस्तवालाच थंडी भरली की काय असे विचारू लागतात. हा विनोद पुस्तक वाचून सुचत नाही. ओले सरपण पेटविणाऱ्यालाच सुचतो. जात्यातून पीठ बाहेर येत असता त्याला ‘जाते’ का म्हणावे, हा त्यांचा प्रश्नही तसाच. खुंटा हाती धरून तासन्‌तास बसलेल्या बाईला शब्दाचा हा विपर्यास दिसला. कोशकाराला तो दिसण्याचे कारण नव्हते.

सुगरणीच्या खोप्यावरील त्यांची कविता महाराष्ट्रात मुलामुलांना मुखोद्गत आहे. पाखराने एवढे केले, तर तुला देवाने हात दिले आहेत, तू काय करतोस, असा तिचा समारोप. शाळेत आपण नेमका हा समारोप शिकवितो आणि कविता संपली असे समजतो. वस्तुतः कवितेचा बराचसा भाग खोप्याच्या विणीकडे आणि चोचीसारख्या एकाच हत्याराकडे पाहण्यात खर्ची पडला आहे; उपदेशाचा अधिकार त्या पाहण्यातून आला आहे. पाहणे वगळून उपदेश तेवढा उचलला की त्याचे सुभाषित होते, आणि सुभाषिताने आजवर कोणाचा खिळा सरळ ठोकला गेला नाही.

या कवितेसंबंधी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. पक्षिशास्त्र सांगते की हा खोपा विणतो तो नर. गवताच्या चिरलेल्या पात्यांनी तो अर्धवट घरटे उभारतो, मादी येऊन ते पारखते, आणि तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो. आतील मऊ अस्तर मात्र ती घालते. मराठी भाषेने या विणकराला ‘सुगरण’ असे स्त्रीवाचक नाव दिले, आणि बहिणाबाईंनी भाषेचे नाव घेतले, यात त्यांचा काही अपराध नाही. पण भाषेने असे का केले असावे? माझ्या मते उत्तर सरळ आहे. घरासाठी कोणी एवढे कौशल्य खर्च करीत असेल तर ती बाईच असली पाहिजे, असे आपल्या समाजाने गृहीत धरले. कौशल्याचा मान स्त्रीला दिला, त्याबरोबर भारही तिच्यावर टाकला, आणि पुरुष लेखक दोहोंतून मोकळा झाला.

पुरुषांच्या सुटकेचे दुसरे कारण जातिव्यवस्थेत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (1915) वाचणाऱ्यास ते सहज कळेल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुत्याच्या धान्यावर गावाची कामे करीत. लिहिणारा वर्ग लिही, आणि करणारा वर्ग करी. परिणाम असा झाला की ज्याच्या हाती वाकस होता त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याला वाकस धरणे कमीपणाचे वाटे. हातकामाविषयीचे आपले मौन हे अज्ञानाचे खरेच, पण ते जपून ठेवलेले अज्ञान आहे.

हे मौन मोडण्याचा प्रामाणिक यत्न साने गुरुजींनी केला, तोही खानदेशाशी जोडलेल्या मनाने. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असता ते छात्रालयातील मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या ग्रंथात ‘पत्रावळ’ आणि ‘पर्णकुटी’ अशी दोन प्रकरणे आहेत. दोन्ही प्रकरणे हातकामाच्या परिसरातील. पण त्यांची तुलना उद्बोधक आहे. ‘पर्णकुटी’त विषय आहे तो स्वाभिमानाचा, लहानसे का होईना, पण स्वतःचे घर हवे, ही आईची ओढ वाचकाला हलविते, आणि त्या ओढीपुढे घराची बांधणी गौण ठरते. ‘पत्रावळी’त मात्र न येणारे काम शिकणे हाच विषय आहे. कंटाळा करणारा मुलगा आणि आग्रह न सोडणारी माणसे यांमुळे तेथे वस्तूचा विरोध आणि मनाचा विरोध एकत्र येतात. माझी आवड विचाराल तर मी दुसऱ्या प्रकरणाच्या बाजूने कौल देईन. तेथे भावना कामातून निघते, कामावर पसरलेली नसते.

इंग्रजी वाङ्मयाचे उदाहरण देणे आम्हा मंडळींच्या अंगवळणी पडले आहे. येथे ते उपयोगाचेही आहे. डीफोच्या रॉबिन्सन क्रूसोचे (1719) मडके मला त्याच्या साऱ्या साहसांहून मोलाचे वाटते. त्याची मडकी ढासळतात, उन्हात तडकतात. आणि मडके भाजावे लागते हे त्याला कळते, ते विस्तवात पडलेली एक खापरी दगडासारखी कठीण झालेली पाहून. अमेरिकन ग्रंथकार थोरो याने 1845 साली वॉल्डन तळ्याकाठी आपली झोपडी बांधली. तिची हकीकत त्याने 1854 साली दिली, ती हिशेबासकट: एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. कुऱ्हाड उसनी आणली होती, फळ्या एका मजुराची जुनी झोपडी विकत घेऊन काढल्या, आणि त्या वाहून नेत असता कामाचे खिळे दुसऱ्याने लांबविले. दुर्गाबाई भागवतांनी हा ग्रंथ ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला आहे. त्यातील विचारांइतकेच खिळ्यांकडेही वाचकांनी लक्ष द्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. थोरोची झोपडी इमर्सन या मित्राच्या जमिनीवर होती. पदवीधर माणसाने हौसेने केलेला तो प्रयोग होता. तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बहिणाबाईंना मात्र काम करू की नको, असे कोणी विचारले नव्हते. हौसेची सुतारकी आणि पोटाची मोलमजुरी यांना एका पंक्तीस बसविणे हा अन्याय होय. हे मला मान्य आहे. परंतु माझे म्हणणे कष्टांची बरोबरी करण्याचे नसून पाहण्याची बरोबरी करण्याचे आहे. ज्याला सक्ती नाही त्याने स्वतः चार वेळा चुकून शिकावे, म्हणजे ज्याला सक्ती आहे त्याच्या कौशल्याची किंमत त्याला कळेल, आणि मजुरी ठरविताना त्याची जीभ जरा कमी चालेल.

स्वयंपाकघराने या बाबतीत परसाला मागे टाकले आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी व चमचा ही घरोघरची मापे देऊन जे कौशल्य केवळ आईकडून लेकीकडे जात होते ते कोणालाही वाचून करता येईल असे केले. सारवणासाठी शेण किती, माती किती, थर जाड झाला तर भेग का पडते, दूरच्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे का सरकत यावे, यांचे तसे पुस्तक कोठे आहे? परसबागेपुरते श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे नाव आदराने घ्यावे लागेल. घरातल्या काडीकचऱ्यापासून सकस माती करता येते, हे त्यांनी प्रयोगाच्या भाषेत सांगितले.

आज दूरध्वनीच्या पडद्यावर कोणतेही काम हलत्या चित्रात पाहता येते, मग लिहावयाचे कशाला, असे तरुण वाचक विचारतील. चित्र हाताची हालचाल दाखविते, आणि ती शब्दांहून चांगली दाखविते. पण खारी मातीच का, हे सांगण्यास, ‘मुरले’ आणि ‘भिजले’ यांतला भेद राखण्यास, व कामामागचा माणूस उभा करण्यास शब्दच लागतात. शब्द गेले की वस्तूही ओळखू येईनाशी होते. पन्हाळ, घरोट, सोपट हे शब्द आमच्याच विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागतात.

2018 साली जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, ही आनंदाची गोष्ट झाली. परंतु नावाचे ऋण नावाने फिटत नाही. खानदेशातील लिहित्या मंडळींनी श्रमप्रतिष्ठेवरील आणखी एक निबंध बाजूस ठेवावा, धाब्यावर माती घालणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसावे, जमल्यास दोन पाट्या उचलाव्यात, आणि मग जे कळले ते क्रमाने व अडचणींसह लिहून काढावे. तेवढे एक पानही मराठी वाङ्मयात मोलाची भर ठरेल.