चित्र घातले, पण कुठे?

संगणकाच्या अनेक पाठांत 'इन्सर्ट, मग पिक्चर' एवढाच क्रम शिकवतात. घातलेले चित्र राहते कुठे, हे सांगत नाहीत. आम्हांला ही मोठी उणीव वाटते. समजा, पाचाडच्या मुलांनी गावच्या माहितीपत्रकात जिजाबाईंच्या समाधीचे छायाचित्र घातले. एरवी ते फाइलमध्येच साठते. 'लिंक' निवडल्यास मात्र केवळ त्याचा पत्ता नोंदला जातो. मग नुसती फाइल महाडला नेली, की समाधीच्या जागी रिकामी चौकट! वर्ड २००७ पासूनची 'डॉक-एक्स' फाइल म्हणजे झिप-पेटीच. तिची प्रत काढून नावाच्या शेवटी 'झिप' करा व उघडा. आतल्या 'मीडिया' कप्प्यात साठवलेले चित्र सापडेल, लिंक केलेले नाही. पाठांतरापेक्षा हा प्रयोग अधिक शिकवील.