फोटो सोबत पाठवावा

दिवाळी अंकांची निमंत्रणं पावसाळ्यातच येऊ लागतात. विषय, शब्दमर्यादा, मुदत आणि शेवटी हमखास एक ओळ : लेखासोबत आपला फोटो व अल्पपरिचय पाठवावा. लेखक मोबाइल चाळतो, भाच्याच्या लग्नातला एखादा बरा फोटो शोधतो, शेजारची माणसं कापून टाकतो आणि धाडून देतो. अंकात तो टपाल तिकिटाएवढा छापून येतो. शंभर वर्षांहून मोठी दिवाळी अंकांची परंपरा मिरवणाऱ्या आपल्या भाषेतले कितीतरी लेखक वाचकांना अशा कापलेल्या फोटोंतूनच ठाऊक आहेत.

ही कुरकुर वाटेल, पण नियतकालिकांसाठी माणसांचे चेहरे टिपण्याचा व्यवसाय मराठीत का उभा राहिला नाही, याचं अर्धं उत्तर त्या ओळीत आहे. शब्दांतलं व्यक्तिचित्र आपल्याकडे भरभरून लिहिलं आणि वाचलं गेलं. कॅमेऱ्यातलं व्यक्तिचित्र मात्र कुणी मागवलंच नाही. मागवणं म्हणजे संपादकानं छायाचित्रकाराला बोलावून ‘या बाईंकडे जा, दोन दिवस घ्या, मला चार पानं भरायची आहेत’ असं सांगणं आणि त्याचे पैसे देणं. ही कला कॅमेऱ्यापेक्षा अशा मागणीवर जास्त जगते.

आपल्याकडे मुखपृष्ठ चित्रकाराचं होतं, हेही खरं. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ सालचा अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठावर जो चेहरा आणला, तो दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसला. त्या चित्रांतल्या स्त्रिया बहुधा कल्पनेतल्या, निदान सजवून घेतलेल्या असत. त्यांना सुरकुती नसे, आणि ती असावी अशी कुणाची अपेक्षाही नसे. छपाई सुधारली, रंगीत छायाचित्र परवडू लागलं, तेव्हा त्या चौकटीत सिनेनटी आली. तिचा फोटो निर्मात्याच्या प्रसिद्धी विभागाकडून फुकट मिळे. चित्रकाराला मानधन द्यावं लागतं, फोटो मात्र येतोच, हा हिशेब तेव्हा जो संपादकांच्या डोक्यात बसला तो अजून हललेला नाही.

अमेरिकेत ‘लाइफ’ साप्ताहिकानं नेमकं उलट केलं. १९३६ ते १९७२ या काळात या साप्ताहिकानं छायाचित्रकाराला लेखकाच्या बरोबरीनं, अनेकदा त्याच्या पुढे बसवलं. फिलिप हाल्समन यांची १०१ मुखपृष्ठं एकट्या ‘लाइफ’वर आली. त्या पद्धतीचा एक नमुना आपल्या पुण्यातलाच आहे. १९४६ मध्ये ‘लाइफ’च्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचं छायाचित्र घ्यायला आल्या. गांधीजींच्या माणसांनी अट घातली : चरखा टिपायचा असेल तर आधी सूत कातायला शिका. बाई शिकल्या. मग कळलं की तो गांधीजींचा मौनदिन आहे, आणि डोळ्यांवर झगझगीत उजेड चालणार नाही. शेवटी मोजून तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्यानं साथ दिली. पुढे चरखा, मागे वाचनात बुडालेले गांधीजी, खिडकीतून येणारा उजेड. आज जगभर ओळखलं जाणारं ते चित्र त्या तिसऱ्या बल्बचं. गंमत अशी की ‘लाइफ’नं तेव्हा त्याला मानाची जागा दिली नाही. ते मोठं छापलं गेलं ते १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर.

ही गोष्ट फोटोग्राफीच्या वर्गांत चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. मला त्यात पगार दिसतो. सूत कातायला शिकण्याइतका वेळ बाईंकडे होता, कारण तो वेळ साप्ताहिकानं विकत घेतलेला होता. दोन बल्ब फुकट गेले तरी त्यांचं घरभाडं थकणार नव्हतं.

भारतात ही सोय थोड्यांना आणि थोडा काळ मिळाली. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त होमाई व्यारावाला यांची छायाचित्रं छापून येत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाईंनी पुढे दिल्लीत नेहरूंचे जे क्षण टिपले, त्यांतले कित्येक आज व्यक्तिचित्रं म्हणूनच पाहिले जातात. रघु राय यांना ‘स्टेट्समन’नं आणि नंतर ‘इंडिया टुडे’नं पानं दिली. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ १९९३ मध्ये बंद पडलं.

मराठी माणसानं या क्षेत्रात खरा ठसा उमटवला तो गौतम राजाध्यक्ष यांच्या रूपानं, आणि त्यांची वाट या व्यवसायाचा नकाशाच आहे. शिक्षण रसायनशास्त्राचं. नोकरी लिंटास या जाहिरात संस्थेत, तिथे छायाचित्र विभागाची जबाबदारी. १९८० च्या सुमाराला सिनेकलावंतांची छायाचित्रं घ्यायला सुरुवात झाली. नोकरी सुटली ती १९८७ मध्ये, म्हणजे नाव झाल्यावर काही वर्षांनी. अधेमधे ‘चंदेरी’ या मराठी सिनेनियतकालिकाचं संपादन, ‘बेखुदी’ आणि ‘अंजाम’ या चित्रपटांचं पटकथालेखन, १९९७ मध्ये ‘फेसेस’ हे पुस्तक, पुढे ‘चेहरे’ हे प्रदर्शन. २०११ मध्ये ते गेले. मासिकांनी त्यांना नाव दिलं, पण पायाखालची जमीन बराच काळ जाहिरात संस्थेची होती.

त्यांच्या कामाबद्दल आपल्याकडे फक्त गौरवानं बोललं जातं, आणि गौरवानं समीक्षेचं काम भागत नाही. राजाध्यक्षांचा उजेड मऊ असे, बहुधा एका बाजूनं येणारा, गालावर उतरत जाणारा. पार्श्वभूमी काळोखात विरघळलेली. त्यामुळे नजर डोळ्यांवरून हलत नाही. दुर्गा खोटे यांच्यासारख्या वयोवृद्ध अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर हाच उजेड पडतो तेव्हा वय लपत नाही, त्याला डौल येतो. ही त्यांची कमाई. तरुण तारे-तारकांच्या चित्रांत मात्र त्याच उजेडाची सवय होते. तिथे सगळेच तेजस्वी, सगळेच निवांत, कुणाला काही सलत असल्यासारखं दिसत नाही. माणसाविषयीची आस्था आणि माणसाची खुशामत यांच्यातली रेषा त्यांनी बहुतेक वेळा सांभाळली. त्यांचं अनुकरण करणाऱ्यांना ती रेषा दिसलीच नाही, आणि दोन दशकं सिनेमासिकांत नुसती साय उरली.

तुलनेला छायाचित्रकार अर्नल्ड न्यूमन यांचं १९६३ मधलं आल्फ्रीड क्रुप यांचं चित्र घ्या. क्रुप हे जर्मन उद्योगपती. त्यांच्या कारखान्यांत महायुद्धाच्या काळात वेठीचे मजूर राबवले गेले होते. न्यूमन स्वतः ज्यू. त्यांनी क्रुप यांना कारखान्यातच बसवलं, दोन्ही बाजूंनी उजेड टाकला आणि किंचित पुढे झुकायला सांगितलं. हनुवटी बोटांवर टेकलेली, चेहऱ्यावर हिरवट छटा, मागे कारखान्याची लांबच लांब रांग. खोटं काहीच नाही, सगळं उजेडाच्या जागेनं केलेलं. मासिकातलं व्यक्तिचित्र आरोपपत्रही होऊ शकतं, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसलं आहे. आपल्याकडच्या एखाद्या साखरसम्राटाचं असं चित्र छापण्याची हिंमत कोणत्या मराठी साप्ताहिकानं दाखवली असती? प्रश्न छायाचित्रकारापेक्षा संपादकासाठी अधिक आहे.

फिल्मच्या काळात या धंद्याला स्वतःचीच एक शिस्त होती. हॅसलब्लाडच्या एका रोलवर बारा फ्रेम. मासिकासाठी ट्रान्सपरन्सी (स्लाइड फिल्म) वापरायची, आणि तिला उजेडाचा अंदाज अर्ध्या स्टॉपनं चुकलेलाही खपत नाही. त्यामुळे बटण दाबण्याआधी बोलणं व्हायचं. मुंबईच्या स्टुडिओत थर्मोकोलची पांढरी पाटी रिफ्लेक्टर म्हणून, खिडकीला लावलेला बटर पेपर सॉफ्टबॉक्स म्हणून, आणि सावली गडद करायला काळं कापड, एवढ्या सामानावर मोठमोठी मुखपृष्ठं निघाली आहेत. मुखपृष्ठाची एक वेगळी अडचण असते. देवनागरी नावाला शिरोरेषा असते, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार. इंग्रजी मासिकात मॉडेलचा माथा नावावर थोडा चढवला तरी नाव वाचता येतं. इथे मात्रा झाकली की नावच बदलतं. म्हणून मराठी मुखपृष्ठासाठी डोक्यावर जास्त मोकळी जागा सोडावी लागते, आणि चेहरा आपोआप खाली आणि लहान होतो. हे जाणणारा छायाचित्रकार कॅमेऱ्यातच ती जागा राखतो. न जाणणाऱ्याचा चेहरा मांडणीकार नंतर चिरडतो.

डिजिटलनं ही शिस्त मोडली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. नुकसान दुसरीकडेच झालं. २००७ मध्ये ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती आली आणि तिच्यापाठोपाठ जागतिक दर्जाची छपाई, स्टायलिस्ट, मेकअपची फौज आणि बरेच पैसेही आले. सोबत खोलीत एक नवा माणूस आला : कलाकाराचा प्रसिद्धी सल्लागार. आता कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम क्षणात उमटते आणि पाच-सहा जण तिच्यासमोर उभे असतात. ‘हा अँगल नको’, ‘कंबर नंतर बारीक होईल ना?’ हे छायाचित्रकाराच्या पाठीमागे चालू. चेहऱ्यावर काही खरं उमटायला जो अवघडलेला अर्धा मिनिट लागतो, तोच या गर्दीत हरवतो. वर त्या कलाकाराच्या इन्स्टाग्रामवरचे अनुयायी मासिकाच्या खपाच्या कितीतरी पट. मग कोण कुणाला प्रसिद्धी देतंय? गरजवंत मासिक ठरतं, आणि गरजवंतानं घेतलेलं चित्र प्रश्न विचारत नाही.

असं असूनही चांगलं काम होतं, पण ते मासिकाच्या कुंपणाबाहेर. दयानिता सिंग यांची हकिगत या संदर्भात सांगण्याजोगी. १९८९ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’साठी त्या दिल्लीत मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीची छायाचित्रं घेत होत्या. ती परदेशात छापली जाणार हे कळल्यावर मोनांनी रोल परत मागितला, कारण लंडनमध्ये त्यांचे नातेवाईक होते. सिंग यांनी रोल देऊन टाकला. काम गेलं. पण त्यातून जी मैत्री झाली ती वर्षानुवर्षं टिकली आणि २००१ मध्ये ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आलं. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार सिंग यांना मिळाला. मराठीत संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांवर आणि वारीवर केलेलं काम असंच पुस्तकाच्या वाटेनं उभं राहिलं. तमाशाच्या कनातीमागे रंग लावत बसलेल्या बाईचा चेहरा टिपायला तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि तो खर्च कोणत्याच साप्ताहिकाच्या हिशेबात बसला नसता.

मग या वाटेनं येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी काय समजून यावं? पोट लग्नांवर, जाहिरातींवर आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतल्या संचालकांच्या फोटोंवर भरतं. त्यात कमीपणा नाही. मासिकाचं काम ओळखपत्रासारखं वापरलं जातं, आणि ज्यांनी ते चांगलं केलं तेही बहुधा पुढे सरकतात. अतुल कसबेकरांनी ग्लॅमर फोटोग्राफीतला दबदबा असताना कलाकारांचं व्यवस्थापन पाहणारी संस्था काढली आणि ‘नीरजा’सारख्या चित्रपटाच्या निर्मितीत उतरले. गुणी माणूस या धंद्यात टिकत नाही, तो त्यातून पलीकडे जातो.

एका बाबतीत मात्र अडाणीपणा परवडणारा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम फार थोडे छायाचित्रकार वाचतात. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. चित्र तुमचं, हक्क त्याचा. मासिकात पगारी नोकरीवर असलेल्याची स्थिती उलट थोडी बरी : करार नसेल तर मासिकाला हक्क मिळतो तो नियतकालिकात छापण्यापुरता, बाकीचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतात. म्हणजे ज्याला पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, त्या फ्रीलान्सरचाच हात रिकामा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानं फ्रीलान्स छायाचित्रकाराला मूळ मालक मानलं आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं छायाचित्राच्या हक्काची मुदत वाढवून छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं केली. मुदत वाढली, पण मालक कोण हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. पंचवीस वर्षांनी एखाद्या दिवंगत अभिनेत्यावर पुस्तक निघतं, तुम्ही काढलेलं चित्र मुखपृष्ठावर झळकतं, आणि तुम्हाला ते दुकानात कळतं. मानधनाची रक्कम ठरवताना एक वाक्य लिहून घेतलं तर हे टळतं : हक्क छायाचित्रकाराकडे, मासिकाला एकदा छापण्याची परवानगी. एवढं मागितल्यावर काही संपादक तोंड वाकडं करतील. करू द्यावं.

संपादकांनाही एक विनंती. येत्या दिवाळी अंकात पंचवीस लेखकांचे पंचवीस कापलेले फोटो छापू नका. एकच माणूस निवडा. तो लेखक असेल, हमाल असेल, गिरणीतून निवृत्त झालेली बाई असेल. एखाद्या तरुण छायाचित्रकाराला त्यांच्याकडे आठवडाभर पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च द्या, कथालेखकाला देता तेवढं मानधन द्या, चित्र पूर्ण पानावर छापा. आणि त्या छायाचित्रकाराचं नाव अनुक्रमणिकेत घाला, लेखकांच्या यादीत.