गणवेश, देह आणि समतेचा युक्तिवाद : खाजगी शिक्षणसंस्थांतील पेहरावविषयक नियमांची चिकित्सा

शालेय गणवेशाच्या समर्थनार्थ प्रामुख्याने समतेचा युक्तिवाद मांडला जातो. सधन घरातील मूल आणि मोलमजुरी करणाऱ्या घरातील मूल एकाच रंगाच्या कपड्यांत एका बाकावर बसावे, ही भूमिका आदरणीय आहे. परंतु अनेक खाजगी शाळांची नियमावली कपड्यांपाशी थांबत नाही. मुलांचे केस कॉलरला टेकू नयेत, मुलींनी दोन वेण्या घालून ठरावीक रंगाच्याच रिबिनी बांधाव्यात, मेंदी काढू नये, बांगड्या घालू नयेत, अशी कलमे शाळेच्या डायरीत छापलेली आढळतात. गणवेश शाळा सुटल्यावर खुंटीला टांगता येतो. श्रद्धेने राखलेले केस किंवा टोचलेले नाक यांचे तसे नसते. कापडाविषयीचा नियम आणि देहाविषयीचा नियम यांचे समर्थन एकाच युक्तिवादाने करता येते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आर्थिक समतेचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. ज्या शाळेचे शुल्कच विशिष्ट उत्पन्नगटाला परवडते, तेथे मिटवावयाची आर्थिक दरी बव्हंशी प्रवेशद्वाराबाहेरच राहिलेली असते. रोजचा गणवेश वेगळा, खेळाच्या तासाचा वेगळा, आणि दोन्ही ठरावीक दुकानातूनच घ्यावयाचे, अशी सक्ती जेथे असते तेथे शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलाच्या पालकांना गणवेश हीच पहिली अडचण ठरते. (मुंबईच्या दमट हवेत ब्लेझरने कोणती समता साधते, हा प्रश्न निराळाच.)

खरा पेच सांस्कृतिक समतेच्या दाव्यात आहे. या संदर्भात इंग्लंडमधील ‘मांडला विरुद्ध डॉवेल ली’ हा खटला आजही मूलगामी ठरतो. बर्मिंगहॅममधील पार्क ग्रोव्ह या खाजगी शाळेने १९७८ मध्ये एका शीख मुलाला प्रवेश नाकारला; कारण तो पगडी उतरवून केस कापण्यास तयार नव्हता. मुख्याध्यापकांची भूमिका द्वेषाची नव्हती. शाळेत अनेक वंशांची मुले शिकत होती, त्यांत पाच शीखही होते. शाळा ख्रिस्ती परंपरेची असली तरी सर्व धर्मांच्या मुलांना खुली होती आणि बाह्य भेदचिन्हे कमी केल्यास मुलांमधील दुरावा कमी होईल, असे मुख्याध्यापकांना वाटत होते. भेदभावाचे समर्थन समतेच्या भाषेत झाले, हीच या खटल्याची लक्षणीय बाब होय.

लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने १९८२ मध्ये शीख हा वांशिक गट नसल्याचे सांगून शाळेची बाजू उचलून धरली. २४ मार्च १९८३ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय एकमताने फिरवला. प्रदीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतंत्र सांस्कृतिक परंपरा असलेला समाज १९७६ च्या वंशसंबंध कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे, असे लॉर्ड फ्रेझर यांनी मानले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा नियमपालनाच्या शक्यतेचा होता. शीख मुलाला केस कापणे शारीरिकदृष्ट्या शक्य असतेच; पण आपल्या समाजाच्या रीतिरिवाजांशी सुसंगत राहून ते शक्य आहे काय, हे पाहिले पाहिजे, असा अर्थ न्यायालयाने लावला. ‘नियम सर्वांना सारखाच आहे’ या नेहमीच्या उत्तराची मर्यादा येथे उघड होते. ज्याच्या घरात केस कापण्याचीच रीत आहे त्याला हा नियम जाणवतही नाही. दुसऱ्याला तो शाळेबाहेर ठेवतो.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने ५ ऑक्टोबर २००७ रोजी ‘पिल्ले’ खटल्यात हेच सूत्र अधिक पुढे नेले. दरबानमधील ती शाळा सरकारी होती, हा फरक लक्षात ठेवावयास हवा. परंतु नियमाचे स्वरूप खाजगी शाळांतल्यासारखेच होते. मुलींना कानात साधी कुडी चालत होती, नाकात चमकी चालत नव्हती. तमिळ हिंदू कुटुंबातील एका विद्यार्थिनीच्या चमकीला शाळेने हरकत घेतली. कानाला मुभा आणि नाकाला बंदी हा भेद वरकरणी क्षुल्लक वाटतो; पण त्यामुळे प्रस्थापित समाजाचा अलंकार ‘साधा’ आणि अल्पसंख्य समाजाचा अलंकार ‘शिस्तभंग’ ठरतो, हे सरन्यायाधीश पायस लांगा यांच्या निकालपत्राने ओळखले. चमकी घालणे ही धर्माने घातलेली सक्ती नसून स्वेच्छेची प्रथा असली तरी ती संरक्षणास पात्र आहे, असेही त्यात म्हटले आहे. भारतातील न्यायालयीन चर्चा मात्र एखादी प्रथा धर्माचा ‘अनिवार्य’ भाग आहे काय, याच प्रश्नाभोवती बराच काळ घोटाळत राहिली आहे.

केरळ उच्च न्यायालयाने ४ डिसेंबर २०१८ रोजी तिरुवनंतपुरममधील एका खाजगी शाळेतील दोन मुलींची याचिका फेटाळली. मुलींना डोक्यावर रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा होता. संस्था चालवण्याचा व्यवस्थापनाचा अधिकार व्यापक हिताचा असून वैयक्तिक अधिकाराने त्यापुढे नमते घ्यावे, असे न्यायालयाचे मत पडले. मुलींनी शाळा सोडल्याचा दाखला मागितल्यास तो कोणत्याही शेऱ्याशिवाय द्यावा, असेही निर्देश होते. खाजगी शाळेविषयीच्या विचारातील गृहीतक येथे स्पष्ट होते : प्रवेश हा करार आहे, अटी मान्य नसतील तर दुसरी शाळा शोधावी. परंतु प्रवेशअर्जावर सही पालक करतात आणि शाळा बदलते ती मुलीची. दुसरी शाळा जवळ असेल, परवडेल आणि तेथे हीच अट नसेल, याची हमी करार देत नाही.

महाराष्ट्रात हा वाद २०२४ मध्ये चेंबूरच्या एका खाजगी महाविद्यालयात उद्भवला. धर्म प्रकट होईल असा पेहराव नको, असे सांगून व्यवस्थापनाने बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई केली. बर्मिंगहॅमच्या मुख्याध्यापकांचाच युक्तिवाद येथे सुमारे साडेचार दशकांनी पुन्हा अवतरला. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून रोजी विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्याची परवानगी मात्र दिली नाही.

चेहरा पूर्ण झाकण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. अध्यापनात चेहरा दिसण्याला प्रयोजन असते. केस दिसण्याला ते नसते. मुलींवर घरातून सक्ती होत असेल, हा आक्षेपही खोटा म्हणता येत नाही. परंतु जिच्यावर खरोखरच घरची सक्ती आहे, तिच्यासाठी महाविद्यालयाचा दरवाजा बंद होणे म्हणजे त्या सक्तीतून बाहेर पडण्याची वाटच बंद होणे. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात मतभेद झाला, तेव्हा न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचा हाच मुद्दा केंद्रस्थानी ठेवला होता.

चेंबूर प्रकरणाच्या सुनावणीत न्यायमूर्तींनी दोन साधे प्रश्न विचारले : विद्यार्थ्यांच्या नावांवरून धर्म कळत नाही काय, आणि टिळा लावून येणाऱ्यालाही मज्जाव करणार काय? महाविद्यालयाच्या मनाईच्या यादीत टिळा नव्हता, टिकलीही नव्हती.