तीन पानांत तीन बोटं

आयएस 3043 या अर्थिंगच्या मानकात पाइप अर्थिंगची एक आकृती आहे. ती वरून खाली वाचत यायची. आधी जमिनीची रेघ, तिच्या पातळीला चौकटीत बसलेलं झाकण, झाकणाखाली पाणी ओतायचं जाळी लावलेलं नरसाळं, तिथून सरळ खाली उतरलेला भोकांचा पाइप आणि त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे एकाआड एक थर. सोबत मापं: जीआय पाइप असेल तर आतला व्यास निदान 38 मिलिमीटर, बिडाचा असेल तर 100. एका नजरेत अख्खं काम समोर उभं राहतं. खणणारा मजूर, पाइप देणारा दुकानदार, जोडणी करणारा वायरमन, प्रत्येकाला आपापला वाटा त्यात दिसतो. इंग्रजी न येणाऱ्यालाही दिसतो. मला हे पान फार सुंदर वाटतं, कारण त्यात शोभेची एकही रेघ नाही.

मानकं कागदावर ठेवावीत की फोनमध्ये, हा प्रश्न हल्ली वायरमन आणि ठेकेदारांमध्ये वरचेवर निघतो. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की भारतीय मानकं फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे हा प्रश्न आता पैशाचा उरलेला नाही. तो वाचण्याचा आहे. आणि वाचण्याचा प्रश्न मजकूर समोर ठेवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून आधी मजकुराकडे.

आयएस 3043 पहिल्यांदा 1966 मध्ये आलं, 1987 मध्ये सुधारलं आणि 2018 मध्ये पुन्हा. त्यातली अर्थिंगसाठी जागा निवडण्याची कलमं हा माझ्या मते या मानकाचा सर्वांत रसाळ भाग. मातीची पसंती तिथे क्रमाने लावली आहे. सर्वांत आधी ओली दलदलीची जमीन, मग चिकणमाती आणि पोयट्याची, मग वाळू-खडी-दगड मिसळलेली, शेवटी ओलसर वाळू. कोरडी वाळू, खडी, चुनखडी, ग्रॅनाइट, फार दगडाळ जमीन टाळावी. इथवर कुणालाही सुचेल असंच आहे. पण पुढे हे मानक एक वळण घेतं. मातीतली ओल पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नेऊन फारसा फायदा होत नाही, असं ते सांगतं. आणि वरून पाणी वाहत राहून ओली राहणारी जागा टाळा, कारण त्या वाहत्या पाण्याबरोबर मातीतले उपयोगी क्षार धुऊन जातात.

या दोन वाक्यांत किती काम आहे पाहा. पाणी जितकं जास्त तितकं अर्थिंग चांगलं, ही साइटवरची पक्की समजूत. पावसाळी पन्हळीखाली किंवा मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर खड्डा खणणारे खूप असतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. मानक त्यांना दटावत नाही, कारण सांगतं. वीज मातीतून जाते ती ओलीत विरघळलेल्या क्षारांच्या आधाराने; पाणी वाहून गेलं की क्षारही गेले. ज्याने हे एकदा वाचलं त्याला खड्ड्यात मीठ का घालतात आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा का पाहावं लागतं, हे कुणी वेगळं समजावायला नको. मुरमाच्या आणि कातळाच्या आपल्या मुलखात हे ज्ञान पाठ्यपुस्तकातल्या चार सूत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आता हेच कलम फोनवर शोधा. वायरमनला प्लेटचं माप हवं असतं, म्हणून तो ‘प्लेट’ हा शब्द टाकतो. उत्तर लगेच मिळतं: निदान 60 बाय 60 सेंटिमीटर, लोखंडाची असेल तर 6.3 मिलिमीटर जाड, तांब्याची 3.15, आणि वरची कड जमिनीखाली दीड मीटरपेक्षा कमी नको. बरोबर उत्तर, अर्ध्या मिनिटात. पण वाहत्या पाण्याचं वाक्य त्याच्या नजरेला पडलं नाही, कारण ते विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. पुस्तकात माप शोधताना पानं उलटावी लागतात आणि जागेचं कलम वाटेत येतं. नवशिक्याला नेमकं काय विचारायचं हे ठाऊक नसतं. त्याला शेजारची कलमं लागतात. आयटीआयच्या पोराच्या हातात मी कागदच देईन, ते यासाठी.

शोधण्याची सोयही वाटते तितकी भरवशाची नाही. जुन्या मानकांच्या बऱ्याच पीडीएफ म्हणजे छापील पानांचे फोटोच. त्यांत शब्द टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही, किंवा मशीनने अक्षरं चुकीची वाचलेली असतात आणि ‘सापडलं नाही’ असा निरोप येतो. घाईत असलेला माणूस त्याचा अर्थ ‘असा नियमच नाही’ असा घेतो. नेटवर फिरणाऱ्या या जुन्या प्रतींपैकी अनेकांच्या पहिल्या पानावर माहिती अधिकाराचा उल्लेख आणि भर्तृहरीच्या नीतिशतकाचा दाखला आहे. कायद्याच्या ताकदीचा मजकूर लोकांना फुकट वाचता यावा, म्हणून पब्लिक रिसोर्स या संस्थेने ती पानं जोडून मानकं नेटवर ठेवली होती. विजेच्या कामाच्या कागदावर भर्तृहरी भेटावा, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं. ब्युरोकडून आज उतरवलेल्या अधिकृत प्रतीवर मात्र पानोपानी उतरवून घेणाऱ्याचं नाव आणि गाव छापून येतं.

कागदाची बाजू सर्वांत भक्कम होते ती तक्त्यांपाशी. आयएस 732 हे वायरिंगचं मानक 2019 मध्ये सुधारलं, तेव्हा ते आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या वळणावर गेलं. त्या मालिकेतला विद्युतवहन क्षमतेचा तक्ता उघडा. तांब्याची अडीचची वायर, पीव्हीसी आवरण, सिंगल फेज. उष्णतारोधक भिंतीतल्या पाइपमध्ये 19.5 अँपिअर. साध्या भिंतीतल्या पाइपमध्ये 24. भिंतीवर उघडी क्लिप मारलेली केबल असेल तर 27. वायर तीच, तिच्या भोवती काय आहे त्यावर तिची ताकद ठरते. रकान्यांची नावं मात्र नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, आणि फोनच्या पडद्यावर तक्ता मोठा करून आकड्यापर्यंत सरकलं की डोक्यावरची ती नावं पडद्याबाहेर जातात. बोट जरासं घसरलं की 24 च्या जागी 27 वाचला जातो, आणि चूक झाल्याचं कळतही नाही, कारण 27 हाही त्या वायरसाठी खराखुरा आकडा आहे.

इथे वाचन संपत नाही. हे आकडे भोवतालचं तापमान 30 अंश धरून काढलेले आहेत. चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात 45 धरायचे तर दुसरा तक्ता बघायचा. पीव्हीसीसाठी तिथे 0.79 ने गुणायला सांगितलं आहे. एकाच पाइपातून तीन सर्किटं नेली असतील तर तिसरा तक्ता, तिथे 0.70. म्हणजे 24 गुणिले 0.79 गुणिले 0.70. उत्तर 13.27. गीझरसाठी टाकलेली अडीचची वायर, तिच्यावर बसवलेली 16 अँपिअरची एमसीबी, आणि वायरची खरी ताकद सव्वातेरा. एमसीबी पडायच्या आधी वायर तापत राहणार, आवरण कडक होणार, आणि काही वर्षांनी ‘शॉर्ट सर्किट’ एवढंच कारण लिहिलं जाणार. (उत्तर किती दशांशापर्यंत धरायचं यासाठीही आपल्याकडे मानक आहे, आयएस 2, आयएस 1 राष्ट्रध्वजाचं. आकडे नीट धरण्याला देशाने ध्वजाच्या लगेच पुढचा क्रमांक दिला, हे मला मनापासून आवडतं.)

तीन तक्ते, तीन वेगवेगळ्या पानांवर. अनुभवी सुपरवायझर पुस्तक घेऊन हा हिशेब कसा करतो ते बघण्यासारखं असतं. पहिल्या पानात तर्जनी, दुसऱ्यात मधलं बोट, तिसऱ्यात अनामिका, आणि पुस्तक मांडीवर. एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा मागे येऊन रकाना ताडून बघायचा. तिन्ही पानं एकाच वेळी उघडी असल्यासारखी त्याच्या हातात असतात. फोनवर प्रत्येक तक्ता आधीच्या तक्त्याला पुसून येतो. माणूस आकडा लक्षात ठेवतो, पुढे सरकतो, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, आणि 24 होतं की 27 याची खात्री उरत नाही. मोबाइलवरची गणकं हे गुणाकार आपणहून करतात हे खरं. पण तापमानाचा आकडा त्यांना कुणी दिला, गटाचा गुणक धरला की नाही, हे उत्तराच्या पाठीमागे दडून राहतं. तक्ते ज्याने हाताने एकदा तरी चालवले आहेत त्यानेच गणक वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय विद्युत संहिता, म्हणजे एसपी 30, हे तर चाळायचंच पुस्तक. 1985 मध्ये पहिल्यांदा निघालं, पुढे 2011 आणि 2023 मध्ये सुधारलं. 2011 च्या आवृत्तीची अनुक्रमणिका सावकाश वाचावी. घरं, कार्यालयं, हॉटेलं, दवाखाने यांनंतर कारखाने येतात, मग उघड्यावरची वीजजोडणी, मग शेती, मग स्फोटाचा धोका असलेल्या जागा, आणि शेवटी सौरऊर्जा. उघड्यावरच्या भागात तात्पुरत्या जोडण्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे त्याचं नाव मांडव. गणपतीत ऐन पावसात लोखंडी पाइपांचा सांगाडा, कापडी छत, जोड मारून लांबवलेल्या वायरी, आणि त्याखाली दिवसभर गर्दी. दहा दिवसांचंच काम म्हणून ते नियमाबाहेरचं, अशी सोयीस्कर समजूत मंडळांपासून ठेकेदारांपर्यंत सगळीकडे असते. संहितेने तात्पुरत्या कामाला स्वतःचा विभाग दिला आहे, हे अनुक्रमणिकेवर नजर फिरली तरच कळतं. शेतीच्या भागाचंही तेच. माणसाला जाणवणार नाही एवढ्या दाबाचाही धक्का ओल्या गोठ्यातल्या म्हशीला बसू शकतो, पुढच्या आणि मागच्या पायांतल्या अंतरामुळे. म्हणून गोठ्याकडे वेगळं बघावं लागतं.

एवढं सगळं कागदाच्या बाजूने असताना, एका बाबतीत मात्र तो सपशेल हरतो, आणि ती बाब जिवाशी खेळणारी आहे. छापलेलं पुस्तक आपण जुनं झालो हे सांगत नाही. 1956 चे भारतीय विद्युत नियम जाऊन 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले, त्यांची जागा 2023 मध्ये नव्या विनियमांनी घेतली. तरी 1956 च्या नियमांचे क्रमांक तोंडपाठ म्हणणारे लोक अजून साइटवर भेटतात, कारण त्यांच्या कपाटातलं पुस्तक तेच आहे. इंग्लंडमध्ये बीएस 7671 च्या कव्हरचा रंग आवृत्तीगणिक बदलतो: 2015 चं पिवळं, 2018 चं निळं, 2022 चं तपकिरी. पिवळं पुस्तक घेऊन आलेला इलेक्ट्रिशियन दारातच ओळखू येतो. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. तरी 2024 ची दुरुस्ती तिथेही फुकट पीडीएफ म्हणूनच निघाली, पुस्तकाचा रंग न बदलता.

आपल्या मानकांच्या दुरुस्त्यांची चिठ्ठी हा तर वाचनाचा एक वेगळाच आनंद. अमुक पान, अमुक कलम, अमुक ओळ: हे शब्द काढा, हे घाला. ज्याच्याकडे मूळ प्रत नाही त्याला ती चिठ्ठी निरर्थक, आणि ज्याच्याकडे फक्त मूळ प्रत आहे तो अंधारात. मानकाच्या मलपृष्ठावर यासाठी एक कोष्टक छापलेलं असतं: दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, कोणत्या मजकुरावर परिणाम. मी पाहिलेल्या बहुतेक छापील प्रतींत ते कोरंच आहे. म्हणून 3043, 732 आणि एसपी 30 कागदावर घ्या, हवं तर झेरॉक्स काढून बाइंड करा, तक्त्यांची पानं लॅमिनेट करा. विनियम फोनमध्ये ठेवा, कारण ते राजपत्रातून बदलतात. आणि नवं काम घेताना फोनवर त्या मानकाचं साल आणि दुरुस्त्या बघून पेनाने त्या कोष्टकात उतरवा. चार मिनिटांचं काम आहे, आणि विद्युत निरीक्षकाने पहिला प्रश्न तोच विचारला तर उत्तर पुस्तकाच्या पाठीवर लिहिलेलं असेल.